पिशवी परत आली, ते बरंच झालं

*ताई, आमचं ३२ जणींचं महिला मंडळ आहे. बहुतेक जणी गंगापूर रोड, कॉलेज रोड भागातल्या. सुरुवात भिशीतून झाली. गेली सात वर्षं दर दिवाळीला आम्ही सातपूरच्या एका वस्तीत फराळाच्या सामानाच्या पिशव्या वाटतो, थंडीत ब्लँकेटं देतो. या दिवाळीत एका बाईने पिशवी घेतलीच नाही. म्हणाली, “रवा-साखर कालच दुसऱ्यांनी दिली. माझ्या पोरीला शाळेत घेईनात, तेवढं बघता का?” आमच्यातली एक जण फोटो काढत होती, तर तिने पदर तोंडावर ओढला. परत येताना गाडीत सगळ्या गप्प. नंतर एक सभासद म्हणाल्या, “या लोकांना केल्याची जाणच नाही.” तेव्हापासून मंडळात दोन तट पडलेत. प्रदर्शनाचे १ लाख ४० हजार रुपये शिल्लक आहेत, ते अध्यक्षबाईंच्या स्वतःच्या खात्यात आहेत. काहींना त्यातून एका शाळेला मंडळाच्या नावाची पाटी लावून वॉटर कूलर द्यायचा आहे, काहींना आणखी ब्लँकेटं. मी चिटणीस आहे, मला काही सुचत नाही. आम्ही करतो तो नुसता देखावा आहे का? हे सगळं बंद करावं का?*

*– एक चिटणीस, नाशिक*

*(पत्र कमी करून दिलं आहे.)*

ताई,

बंद करू नका. बाकीचं सगळं मी सावकाश सांगते, पण हे आधी ऐकून ठेवा.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. मी ते दोनदा वाचलं. त्यात त्या बाईंच्या मुलीबद्दल एकच ओळ आहे. तिचं नाव नाही, वय नाही, कोणत्या शाळेने घेतलं नाही तेही नाही. मंडळात कोण कोणाला काय बोललं, व्हॉट्सॲप ग्रुप कोणी सोडला, याला मात्र दीड पान गेलं आहे. तुमचं मन दुखावलंय, म्हणून ते आपोआप तिकडे धावलं. पण आता त्या एका ओळीकडे परत या, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर तिथेच आहे.

त्या बाईने तुमचा अपमान केला नाही. तिने तुम्हाला काम सांगितलं. ज्याच्या हातून काही होईल असं वाटत नाही, त्याला माणूस काम सांगत नाही. तो मुकाट्याने पिशवी घेतो, नमस्कार करतो आणि घरात जातो. सात वर्षं त्या वस्तीने तुमच्याशी हेच केलं. या वर्षी पहिल्यांदा कोणाला तरी वाटलं की या बायका शिकलेल्या दिसतात, गाडीतून येतात, शाळेत यांचं कोणी ऐकून घेईल. केवढा विश्वास टाकला तिने तुमच्यावर! तिचं वाक्य तुम्हा सगळ्यांच्या कानांवर पडलं, पण पिशवी नाकारल्याचा धक्का इतका मोठा होता की पुढचे शब्द कोणी उचललेच नाहीत.

आता मुलीचं बघू. सातपूरच्या वस्त्यांमध्ये पेठ, सुरगाणा, हरसूल या आदिवासी भागातून आलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. मूल गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत असतं, आई-बाप कामासाठी मधेच शहरात येतात आणि इथली शाळा म्हणते आधी दाखला आणा, जन्माचा पुरावा आणा. दाखला आणायचा तर दोन दिवसांची मजुरी बुडवून गावी जायचं, आणि गेल्यावर गुरुजी भेटतीलच असं नाही. पण शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हेही अडवून ठेवायला कारण होत नाही (कलम ५). वर्ष मधेच सुरू आहे म्हणूनही नाकारता येत नाही (कलम १५). कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मधेच सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं (कलम ४). स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड देण्याची सोयही आपल्या राज्यात आहे.

तुम्ही इतकंच करायचं. त्या बाईंच्या घरी जायचं, मुलीची माहिती घ्यायची, आईच्या नावाने साध्या कागदावर अर्ज लिहायचा, ही कलमं त्यात घालायची आणि आईला सोबत घेऊन जवळच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायचं. आवाज चढवायचा नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागायची. बहुतेक वेळा पोच मागितली की काम तिथल्या तिथे होतं. नाहीच झालं तर तीच पोच घेऊन महापालिकेच्या शिक्षण विभागात जायचं. बोलायचं आईने, तुम्ही शेजारी उभं राहायचं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुढच्या वेळी तिला एकटीने जाता आलं पाहिजे.

यात रुपये किती लागले? झेरॉक्सचे आणि रिक्षाचे.

म्हणून मला सांगायचंय ते हे की, त्या वस्तीकडे नाही आणि तुमच्याकडे आहे अशी गोष्ट रवा-साखर नव्हे. ती आहे तुमची सही, तुमचं लिहिता-वाचता येणं, खिडकीपाशी तासभर ताटकळायला असलेली सवड, आणि साहेबाने “उद्या या” म्हटल्यावर “कशासाठी?” असं विचारायचं धाडस. बत्तीस जणींकडे मिळून हे केवढं आहे, याचा तुम्ही कधी हिशेबच केला नाही.

तो आता करा. तुमच्यातल्या किती जणींकडे त्या किंवा तशाच वस्तीतून धुण्याभांड्याला, पोळ्यांना मावशी येतात? महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. नोंदणीच्या अर्जाला काम देणाऱ्या घराचं पत्र लागतं. ते पत्र बत्तीस घरांतून बत्तीस जणींनी लिहून दिलं आहे का? आणि सभासदांपैकी एखादीचे यजमान बांधकामाच्या धंद्यात असतीलच. बांधकाम मजुराला राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि नाक्यावरच्या मजुराला तो मिळवताना नाकी नऊ येतात. आज या साइटवर, परवा त्या साइटवर, दाखला देणार कोण? तुमच्या ओळखीतल्या दोन ठेकेदारांनी खऱ्या कामाचे खरे दाखले वेळेवर दिले, तर पन्नास ब्लँकेटांनी होणार नाही एवढं त्यातून होईल. रेशन कार्ड सुरगाण्याचं असलं तरी नाशिकच्या दुकानात धान्य घेता येतं, हेसुद्धा पुष्कळांना ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी दुकानदार “इथलं नाही” म्हणून परत पाठवतो.

मोलकरणींचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक बोलते, रागावू नका. वस्तीत जाऊन सेवा करणारी बाई स्वतःच्या घरच्या मावशींना आठवड्याची सुट्टी देत नसेल, आजारपणाचे पैसे कापत असेल, तर वस्तीला ते कळतं. तिथे भिंती पातळ असतात आणि सगळ्या सगळ्यांना ओळखतात. मंडळाच्या पुढच्या बैठकीत इतकाच ठराव करा की प्रत्येक सभासदाच्या घरी कामाच्या बाईंना आठवड्याला एक भरपगारी सुट्टी आणि दिवाळीला एक महिन्याचा पगार. मला विचाराल तर मंडळाचं सर्वांत मोठं काम हेच ठरेल. त्याला ना हॉल लागतो ना पाहुणे.

आता दिवाळीबद्दल. दिवाळीत त्या वस्तीत किती मंडळं येतात ते तुम्हीच पाहिलंत, आदल्या दिवशी दुसरे येऊन गेले होते. जून-जुलैत कोण जातं? पत्र्यावर ताडपत्री नसते, वह्या-पुस्तकांचा खर्च असतो आणि भाताच्या आवणीसाठी निम्मी वस्ती पोराबाळांसह गावाकडे गेलेली असते. पोरांची शाळा सुटते ती तेव्हा. आवणी आटोपून माणसं परततात, मग छाटणीपासून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांची कामं लागतात, काही कुटुंबं तिकडे सरकतात. म्हणजे तुम्ही दिवाळीत ज्यांना भेटता तीच माणसं श्रावणात तिथे असतील असं नाही. हे वेळापत्रक ज्याला माहीत नाही, त्याची मदत चुकीच्या महिन्यात चुकीच्या दारात जाऊन पडते.

हे मी माझ्याच चुकीतून शिकले. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही मैत्रिणींनी पंचवटीकडच्या एका वस्तीत शिवणवर्ग काढला. वर्गणी जमवून आठ मशिनं घेतली, शिकवायला बाई ठेवल्या, वेळ दुपारी तीन ते पाच. पहिल्या आठवड्यात बावीस जणी आल्या, महिन्याभरात चार उरल्या. आम्ही खूप चिडलो होतो. तुमच्या त्या सभासदबाई म्हणाल्या ना, तेच शब्द मी तेव्हा म्हटले होते, आणि ते आठवलं की अजूनही मला वाईट वाटतं. तीन महिन्यांनी एका म्हातारीने मला ओट्यावर बसवून सांगितलं, “बाई, चारला नळ येतो. साडेचारला सगळ्यांची दुसरी कामं सुरू होतात, तुमच्याच लोकांच्या घरची. ह्या वेळेला कोण येईल?” आम्ही ज्या बायकांसाठी वर्ग काढला होता, त्या आमच्याच शेजारणींच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या, आणि आम्ही रिकाम्या मशिनांसमोर बसून त्यांना नावं ठेवत होतो. वर्ग रात्री आठला केला. तो पुढे सहा वर्षं चालला.

म्हणून माझं म्हणणं, पुढचे तीन महिने काहीही वाटू नका. नुसतं जा. दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, दोघी-दोघी. कोणत्या वेळी बायका घरी असतात ते त्यांनाच विचारून वेळ ठरवा. दुपारी गेलात तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं भेटतील, नाक्यावर गेलेली माणसं संध्याकाळीच परततात. एक वही ठेवा. कोणाला कोणता कागद हवाय, कोणाच्या पोरीची शाळा सुटलीय, कोण बाळंत व्हायची आहे, कोणाचं रेशन अडलंय, एवढंच लिहा. पुढच्या खेपेला मागच्या खेपेचं काय झालं ते सांगा. झालं नसेल तर झालं नाही म्हणून सांगायला जा. लोक न झालेलं काम सहन करतात, न फिरकणारं माणूस सहन करत नाहीत.

न्यायमूर्ती रानडे आपल्या निफाडचे. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं, पण त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्या तुरुंगातल्या बायकांना, इस्पितळातल्या रुग्णांना भेटायला नेमाने जात. सणावाराला खाऊही नेत. खाऊ नेण्यात काही वाईट नाही, ताई. एरवीही येणारं माणूस सणाला खाऊ घेऊन आलं की त्या खाऊची चव वेगळी असते.

आणि जाण्याआधी थोडं शिका. अमेरिकेत १९०१ साली मेरी हॅरिमन नावाच्या १९ वर्षांच्या श्रीमंत घरच्या मुलीने न्यूयॉर्कमध्ये आपल्यासारख्याच मैत्रिणी गोळा करून गरीब वस्त्यांत काम करणारी ज्युनियर लीग ही संस्था काढली. पुढे त्या संस्थेत नव्या सभासदाने आधी प्रशिक्षण घ्यायचं, मग कामाला लागायचं, अशी रीतच पडली. पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी झालेल्या एलिनॉर रूझवेल्ट तरुणपणी तिच्याच सभासद होत्या आणि न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीत मुलांना व्यायाम आणि नाच शिकवायला जात. तुम्हाला मोठा अभ्यासक्रम नको. एक दुपार वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेबरोबर बसा, एक दुपार घरोघर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंबरोबर. पहिल्यांदा ऐकायला जायचं, सांगायला नाही.

पैशांचं बोलू. वॉटर कूलर नको. पाटीला माझा विरोध नाही, पण कूलरचा फिल्टर दर काही महिन्यांनी बदलावा लागतो, आणि तो कोण बदलणार हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. फिल्टर न बदललेला कूलर आणि त्यावर तुमच्या मंडळाचं नाव, हे तुम्हालाच आवडणार नाही. ब्लँकेटंही नकोत. एका खोलीच्या घरात चार ब्लँकेटं पावसाळ्यात ठेवायची कुठे? ती विकली जातात, आणि मग पुन्हा तेच बोलणं, जाण नाही म्हणून.

माझा हिशेब असा. त्याच वस्तीतली दहावी-बारावी झालेली एखादी सून शोधा, असतेच. तिला महिना ४,००० रुपये मानधन द्या, रोज संध्याकाळी दोन तास मुलांचा अभ्यास घ्यायला आणि वहीतली कामं बघायला. २,५०० रुपयांपर्यंत एक खोली भाड्याने मिळते का बघा. दोन्ही मिळून वर्षाला ७८,००० होतात. २०,००० रुपये अडीअडचणीला बाजूला ठेवा, रात्रीच्या वेळी सिव्हिलला न्यायची रिक्षा, कागदपत्रांचा खर्च वगैरेसाठी. उरलेले ४२,००० हात न लावता ठेवा. मानधन ही उधळपट्टी नव्हे. त्या सुनेला गल्ली माहीत आहे, बोली माहीत आहे आणि रात्री दहाला कोणाच्या घरी रडणं चाललंय तेही माहीत आहे. तुम्ही आठवड्यातून एकदा जाणार, ती तिथेच आहे.

आणि दुसऱ्या वर्षी? तुमचं मंडळ भिशीतून निघालं ना! भिशीचा हप्ता कोणी बुडवत नाही, ती शिस्त तुमच्याकडे आहे. प्रत्येकीने महिना २०० रुपये काढले तर ३२ जणींचे वर्षाचे ७६,८०० होतात. म्हणजे प्रदर्शन भरो न भरो, वर्ग बंद पडणार नाही. प्रदर्शन, कालिदास कलामंदिरात नाटकाचा प्रयोग विकत घेऊन तिकिटं खपवणं, स्मरणिकेच्या जाहिराती हे सगळं करा, पण त्याच्या जिवावर नियमाचा खर्च टाकू नका. हॉलचं भाडं, मंडप, पाहुण्यांचे सत्कार वजा जाता हातात काय उरलं तेच धरायचं. यंदा संक्रांतीला वाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांचे पैसे एकत्र करून खोलीत सतरंजी आणि ट्यूबलाइट घ्या. हळदीकुंकू त्या खोलीतच करा आणि वस्तीतल्या बायकांनाही बोलवा. वाटायला नव्हे, कुंकू लावायला. त्यातल्या ज्या विधवा असतील त्यांनाही.

आता नाजूक गोष्ट, अध्यक्षबाईंचं खातं. तुम्हाला वाटतंय की विषय काढला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. तुम्ही त्यांच्या बाजूने बोला. म्हणा, “काकू, हे पैसे तुमच्या नावावर दिसतात. उद्या आयकर खात्याने विचारलं तर उत्तर तुम्हाला एकटीला द्यावं लागेल. आम्हाला तुम्हाला यातून मोकळं करायचंय.” हे खरंही आहे. मग मंडळाची रीतसर नोंदणी करा. संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे किमान सात जणी लागतात. महाराष्ट्रात त्याबरोबरच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते, नाशिकमध्येच धर्मादाय कार्यालय आहे. खातं मंडळाच्या नावाने, दोघींच्या सहीने. दर वर्षी हिशेबतपासणी. नोंदणी होईपर्यंत लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेश मंडळं घेतात तशी याच १९५० च्या कायद्यातल्या कलम ४१ क खालची तात्पुरती परवानगी घ्या. आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, भरा. कित्येक जुन्या मंडळांच्या कागदांवर अजून स्वर्गवासी झालेल्या बायकाच अध्यक्ष आहेत, आणि त्यामुळे बँकेतले पैसे अडकून बसलेत. देणगीदारांना देणगीवर आयकरात सवलत हवी असते (८० जी म्हणून ओळखतात ती), त्यासाठीची मान्यता नोंदणीनंतर आयकर खात्याकडून मिळवता येते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मात्र ती सवलत मिळत नाही, तेव्हा मोठ्या रकमा चेकनेच घ्या.

फोटोबद्दल एकच नियम करा. घेणाऱ्याचा चेहरा कधीच नाही, मुलांचा तर नाहीच. देणगीदाराला दाखवायचंच असेल तर मुख्याध्यापकांच्या पोचेवरचा शिक्का दाखवा (नावं झाकून), नाहीतर खोली झाडणाऱ्या तुमच्या सभासदांचा फोटो दाखवा.

राहिल्या त्या रागावलेल्या सभासदबाई. त्यांना मंडळातून गमावू नका. ज्यांना इतकं लागतं त्यांनी मनापासून केलेलं असतं. सात वर्षं रवा मोजून, पिशव्या भरून त्यांचेही हात दुखले असतील, आणि त्या कष्टाची कोणी दखल घेतली नाही असं त्यांना वाटलं. त्यांच्याशी वाद घालू नका. पहिल्या खेपेला तुमच्याबरोबर त्यांनाच न्या. फराळाचा विषय काढू नका, कॅमेरा पर्समध्येच राहू द्या. त्या बाईंच्या उंबऱ्याशी जाऊन सांगा, “तुम्ही मुलीच्या शाळेचं म्हणालात, त्यासाठी आलोय. उशीर झाला.” चहा दिला तर नाही म्हणू नका, दोघींनीही तो पूर्ण प्या.

मग वहीचं पहिलं पान उघडा आणि आधी त्या मुलीचं नाव विचारा. नाव आणि कितवीत बसली, एवढं मला दोन ओळींत कळवा. मी वाट बघते.